राखीव नमुना

"आई, यात काय आहे?"

शार्दूलने पिशवी उचलून वजनाचा अंदाज घेतला. दुबईत अल बर्शामधल्या त्याच्या इमारतीमागे भाड्याचं मोटरहोम उभं होतं. पांढरं, लांबलचक, बाजूला निळा पट्टा. त्याची बायको शुभ्रा आत अंथरुणं लावत होती आणि आठ वर्षांची मुलगी ओवी वरच्या बर्थवर चढून पाय हलवत बसली होती.

"डबे आहेत," साधना म्हणाली.

"ते दिसतंय. डब्यांत काय?"

"भाजणीचे वडे. रव्याचे लाडू. मेतकूट. पोहे. आणि बोंबलाची चटणी."

शार्दूलने पिशवी खाली ठेवली. "मी काय सांगितलं होतं? घरून काही आणायचं नाही. चार दिवस तुला किचनमधून सुट्टी. कुशल सरांनी सगळं प्लॅन केलंय. चिकन मॅरिनेट करून आणलंय, ग्रिल आहे, ब्रेड-बटर आहे. आपण ओमानला फिरायला चाललोय, आई, उपाशी मरायला नाही."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"ऐकलं म्हणून पाचच डबे आणले."

आतून शुभ्राचं हसू ऐकू आलं. शार्दूलला मात्र हसू आलं नाही. त्याने खिशातून करारनामा काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. नो स्ट्राँग ओडर. वास राहिला तर तीनशे दिरहम क्लीनिंग चार्ज. म्हणजे सात हजार रुपये, आई. एका चटणीचे!"

साधनाने चटणीचा डबा वर काढून त्याच्या नाकासमोर धरला. झाकणाच्या कडेने पॅराफिल्मचे तीन वेढे होते. प्रयोगशाळेत बाटल्यांच्या तोंडाशी ताणून लावतात ती मेणासारखी पट्टी. "घे वास. येतो का?"

"आत्ता नाही येत. उघडल्यावर?"

"उघडल्यावर येणारच. चटणी आहे ती, मेणबत्ती नाही."

"तो एक डबा वर घरात ठेवून ये ना, प्लीज. कुशल सर बरोबर आहेत, दर्शना मॅडम आहेत. बाकीचे आण."

"हा माझ्या मांडीवर राहील," साधना म्हणाली आणि डबा हातात घेऊन मोटरहोमच्या दोन पायऱ्या चढून आत गेली.

ती आवाज चढवून बोलणारी बाई नव्हती. चोवीस वर्षं तिने जबल अलीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले होते. बंदरात उतरणारी गोठलेली कोंबडी, दूध पावडर, चीज, मसाले. प्रत्येक मालातून थोडासा भाग तिच्या टेबलावर येई. ती त्यातले जंतू वाढवायला ठेवी, मोजी आणि अहवालावर दोनपैकी एक शब्द लिही. नापास माल नष्ट होई. तो कोणीच खात नसे, त्यामुळे तो खाऊन कोणी आजारीही पडत नसे. आपल्यामुळे काय टळलं हे तिला कधी कळलं नाही आणि इतर कोणाला तर कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिला त्याचं काही वाटत नसे. काम तसंच होतं.

नवरा सूर्यकांत नऊ वर्षांपूर्वी अजमानच्या घरीच गेला. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला. त्यानंतर ती त्याच इमारतीत एका लहान खोलीत एकटी राहायला गेली. पहाटे कंपनीच्या बसने अजमानहून जबल अली, संध्याकाळी परत. या एकतीस डिसेंबरला ती निवृत्त होणार होती आणि नोकरीबरोबर व्हिसाही संपणार होता. शार्दूल म्हणत होता, "माझ्या स्पॉन्सरशिपवर राहा. मागची खोली रिकामी करून देतो."

"मागची खोली म्हणजे मेड्स रूम," शुभ्राने एकदा हळूच सांगितलं होतं. "पण आपण तिला स्टडी म्हणायचं ठरवलंय."

दुसरा रस्ता केळव्याचा होता. समुद्रापासून दहा मिनिटांवर माहेरच्या वाट्याच्या दोन खोल्या. साधनाचं मन मुलाकडे, खरं म्हणजे ओवीकडे, झुकलं होतं. पण तिने अजून होकार दिला नव्हता. "ट्रिपवरून आलो की सांग," शार्दूल म्हणाला होता. म्हणजे चार दिवसांनी तिला उत्तर द्यायचं होतं.

*

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी. अर्धी दुबई ओमानच्या सीमेकडे जाणाऱ्या हत्ताच्या रस्त्यावर उतरली होती. पुढे कुशलचं मोटरहोम, सहा जणांचं, मोठं. मागे शार्दूलचं. कुशल शार्दूलच्या कंपनीत त्याचा वरिष्ठ होता. मूळचा मुलुंडचा, दिलखुलास, मोठ्याने हसणारा माणूस. त्याची बायको दर्शना कमी बोलायची. त्यांची मुलगी मिहिका सहा वर्षांची होती. मोठ्या गाडीतला फ्रिज मोठा, म्हणून सगळं चिकन, दूध, चीज त्यांच्याकडे होतं.

हत्ताच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर दोन्ही गाड्या थांबल्या. भाड्याने देणाऱ्या माणसाने चार-चारदा बजावलं होतं की पंपावर शिरण्याआधी गॅसच्या सिलिंडरची चावी बंद करायची. मोटरहोमचा फ्रिज गाडी उभी असताना गॅसवर आणि चालू असताना बॅटरीवर चालतो, पण हा बदल हाताने बटण फिरवून करावा लागतो. शार्दूल सूचनांचा कागद हातात धरून एकेक ओळ वाचत होता आणि शुभ्रा बटणं फिरवत होती. पुढच्या गाडीत कुशलने चावी बंद केली आणि खिडकीतून हात काढून ओरडला, "यल्ला, शार्दूल! परीक्षा आहे काय? चल लवकर!"

सीमेवर साडेतीन तास गेले. एका अधिकाऱ्याने गाडीत डोकावून साधनाच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं.

"व्हॉट इज धिस, मामा?"

शार्दूलने डोळे मिटले.

"ड्राय फिश," साधना म्हणाली. "विथ गार्लिक."

"अच्छा है," अधिकारी हिंदीत म्हणाला आणि खाली उतरला.

शार्दूलने दीर्घ श्वास सोडला. "कशाला सांगितलंस? पिकल म्हणायचं."

"पिकल नाहीये ते."

*

ओमानातल्या सोहारच्या पुढे एका मोकळ्या किनाऱ्यावर ते पोहोचले तेव्हा पाच वाजत आले होते. कुशलने दोन गाड्यांच्या मधल्या जागेत ग्रिल मांडली. मुली शिंपले गोळा करायला धावल्या. साधनाला चहाची तल्लफ आली होती, म्हणून ती दूध आणायला मोठ्या गाडीत गेली.

दुधाचा पुडा हाताला कोमट लागला आणि ती थांबली.

तिने फ्रिजचं दार पूर्ण उघडलं. आतला दिवा लागला नाही. पर्समध्ये तिचा तापमापक असे. पेनासारखा, पुढे सुई असलेला. चोवीस वर्षांत लागलेल्या सवयींपैकी ही एक. चिकनच्या मोठ्या डब्याचं झाकण उघडून तिने सुई मांसाच्या मध्यात रोवली आणि आकडा स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. बावीस पूर्णांक चार.

पंपावर दहा वाजता गॅस बंद केला होता. बॅटरीचं बटण कोणी फिरवलंच नव्हतं. दिवसभर उन्हात तापलेली गाडी. सात तास.

बाहेर येऊन ती म्हणाली, "कुशल, चिकन टाकून द्यावं लागेल."

"काय काकू?"

"फ्रिज सकाळपासून बंद आहे. चिकन बावीस अंशांवर आहे. खाऊ नका."

कुशलने हातातला चिमटा खाली ठेवला, आत जाऊन आला आणि हसत म्हणाला, "हां, ते बटण राहिलं यार. आत्ता सुरू केलं. पण काकू, टेन्शन नॉट. दही आहे, लिंबू आहे. ॲसिडिक आहे सगळं."

"पीएच किती?"

"आँ?"

"ॲसिडिक म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कसं सांगणार? वरच्या मसाल्याला आंबटपणा आहे. मांसाच्या आत नाही."

"अहो काकू, दोनशे डिग्रीवर भाजणार आहोत. कुठला जंतू जगणार आहे?"

"जंतू मरतील. पण सात तासांत त्यांतल्या काहींनी विष सोडलेलं असू शकतं. ते भाजून जात नाही."

कुशलने शार्दूलकडे पाहून भुवया उंचावल्या. "शार्दूल, तुझ्या आईने लॅब बरोबर आणली की काय? हबीबी, काल चार तास खपून केलंय मी हे."

शार्दूल हसला. साधनाने ते हसू ओळखलं. शाळेत मास्तर दुसऱ्या मुलाची थट्टा करत तेव्हा तो असाच हसायचा, थट्टा आपल्यावर वळू नये म्हणून.

"आई, प्लीज," तो तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "सुट्टीवर आहोत. इथे रिपोर्ट नको देऊस."

"तू कागद वाचून बटणं फिरवलीस ना सकाळी? मग तुला कळतंय मी काय म्हणतेय ते."

तो निखाऱ्यांवर वारा घालायला वळला.

साधना दर्शनाकडे गेली. दर्शना घडीच्या खुर्चीवर बसून कांदे कापत होती. "दर्शना, निदान मिहिकाला देऊ नकोस. लहान आहे ती. माझ्याकडे वडे आहेत, भात टाकते. तिला चालेल ना मेतकूट-भात?"

दर्शनाने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, काकू म्हणतायत..."

"अगं, काकूंचं कामच ते आहे. पोलिसाला सगळे चोरच दिसतात," कुशल म्हणाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. दर्शना पुन्हा कांद्याकडे वळली.

साधना दोन मिनिटं तिथेच उभी राहिली. अहवाल लिहिणं तिला ठाऊक होतं. अहवाल न वाचणाऱ्या माणसाचं काय करायचं हे चोवीस वर्षांत तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिथे तिच्या सहीनंतर माल आपोआप अडायचा. इथे माल समोर ग्रिलवर चढत होता आणि तिच्या सहीला काही किंमत नव्हती. मग तिने ग्रिलशेजारच्या टेबलावरून ओवीची गुलाबी प्लेट उचलली.

"ओवी, चल. तुझं जेवण आत."

"बट आजी, आय वाँट बार्बेक्यू."

"ते आज खराब झालंय, राणी."

"मिहिका इज ईटिंग इट!"

"हो," साधना म्हणाली. "मी सांगून पाहिलं."

*

तिने भात टाकला. भात होईपर्यंत मोटरहोममधलं घडीचं टेबल उघडून पुसलं, वडे मांडले, लाडू काढले. मग चटणीचा डबा घेतला आणि पॅराफिल्मचे तीनही वेढे सोडवले. झाकण उघडताच वास बाहेर आला. तव्यावर भाजलेला बोंबील, लसूण, सुकं खोबरं, तिखट. बघता बघता त्याने अख्खी गाडी व्यापली, चालकाच्या जागेपासून मागच्या अंथरुणापर्यंत.

शुभ्राने दारात उभं राहून नाक वर करून हुंगलं. ती पुण्याची. लग्नाआधी तिने हा वास कधी घेतला नव्हता. "आई, मलाही वाढा," ती म्हणाली आणि आत येऊन ओवीशेजारी बसली. "मी खरंच ते चिकन खाणार नाहीये."

तेवढ्यात कुशल मीठ मागायला आला. दारातूनच मागे सरकला. "बाप रे! शार्दूल, क्या मर गया अंदर?"

शार्दूल धावत आला. दार अर्धवट लोटून, कान लाल झालेला, तो म्हणाला, "आई, बाहेर बसून खा ना. मी खुर्ची टाकून देतो. त्या बाजूला, पाण्याकडे. छान वारा आहे."

साधनाने वडा मोडला.

"आई."

"नाही," ती म्हणाली.

"अगं वास—"

"शार्दूल, आमच्या लॅबच्या पॅन्ट्रीत एक नोटीस लागली होती. तू तेव्हा शाळेत होतास. उग्र वासाचं जेवण बाहेर जाऊन करावं. बाहेर म्हणजे कुठे, तर जिन्यात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. तिथे एसी नव्हता. एकदा जूनमध्ये मी मोजलं. एकोणचाळीस अंश. एकोणीस वर्षं मी तिथे बसून जेवले. शहनाझ होती बरोबर, हैदराबादची. ती दोन वर्षांपूर्वी परत गेली, तेव्हापासून एकटी." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. अहवाल वाचून दाखवावा तसा. "तिथे नोकरी होती, तुझी फी होती, म्हणून बसले. इथे मी फिरायला आलेय. मी आत बसून जेवणार आहे. टेबलावर. तुला वास नको असेल तर तू खुर्ची टाक बाहेर."

शार्दूल दारातच उभा राहिला. ओवीने चटणीत बोट बुडवून चाटलं, डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पुन्हा बोट बुडवलं.

"आजी, इट्स सो स्पायसी. कॅन आय हॅव मोअर?"

शार्दूलने मिठाचा डबा घेतला आणि तो बाहेर गेला. खिडकीतून साधनाला ग्रिल दिसत होती. कुशलने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या प्लेटमध्ये तीन तुकडे वाढले. मिहिकाने एक तुकडा संपवून दुसरा मागितला.

साधनाने घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. विष असेल तर त्रास एक ते सहा तासांत. दुसरे काही जंतू असतील तर उद्या दुपारपर्यंत, कदाचित परवापर्यंत. तिने जेवण पूर्ण केलं. एक घासही टाकला नाही. मग तिने साखर-मीठ घातलेलं पाणी उकळून बाटलीत भरलं आणि मोठ्या गाडीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. "लागलं तर असू दे," एवढंच ती दर्शनाला म्हणाली. दर्शनाने बाटली आत घेतली आणि क्षणभर तिचा हात धरून ठेवला.

*

सकाळी सात वाजता मिहिका वाळूत किल्ला बांधत होती. साधना तिच्या शेजारी जाऊन बसली.

"पोट दुखतंय का गं?"

"नो."

"शी कितीदा झाली?"

"आजी, दॅट्स ग्रोस!" मिहिका खिदळली. गाल गुलाबी, डोळे स्वच्छ. अजून दुपार व्हायची होती, पण पोर खेळत होती आणि त्याचा आनंद साधनाला खराखुरा झाला. आपण चुकलो असतो तरी तिला चाललं असतं.

कुशल ब्रश करत समोरून आला. "काय काकू? सगळे जिवंत!"

"बरं वाटलं," साधना म्हणाली आणि ते खरंच होतं.

निघण्याआधी कचरा बांधायचं काम तिने घेतलं. शार्दूलच्या मोटरहोममधली कचऱ्याची पिशवी उचलताना तळाशी जड काहीतरी लागलं. ॲल्युमिनिअम फॉइलची पुडी होती. नीट घडी घातलेली, कडा आत मुडपलेल्या. तिने उघडली. चिकनचे तीन तुकडे. भाजलेले, मसाल्यासकट. एकावरही दाताची खूण नव्हती.

शुभ्रा तर ग्रिलजवळ गेलीच नव्हती.

कडा आत मुडपायची ती पद्धत साधनाने ओळखली. शार्दूल शाळेत असताना न संपलेल्या पोळ्या तो अशाच परत आणायचा. पुडी हातात घेऊन ती पाण्याच्या कडेला गेली. शार्दूल पँट गुडघ्यापर्यंत वळवून उभा होता.

"तू खाल्लं नाहीस," ती म्हणाली.

त्याने पुडीकडे पाहिलं. आधी काहीतरी सांगावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मग त्याने तो विचार सोडला.

"नाही खाल्लं."

"का?"

"का म्हणजे? तू सांगितलंस म्हणून. आई, तुझं बरोबर असणार हे मला माहीत होतं. लहानपणापासून बघतोय. तू नको म्हटलेलं मी आयुष्यात कधी खाल्लं नाही."

"मग मिहिकाच्या प्लेटमध्ये ते गेलं तेव्हा तू तिथे होतास."

लाट आली, दोघांच्या पायांवरून गेली.

"मी काय बोलणार होतो? जानेवारीत अप्रेझल आहे माझं. सगळ्यांसमोर बॉसला सांगू, की सर, तुमचं चिकन सडलंय? माझी आई सांगते म्हणून?"

"हो. तेवढंच सांगायचं होतं."

"पण काही झालं का? बघ ना, खेळतेय ती. खलास. विषय संपला."

"काही झालं नाही, हे चांगलं झालं. शंभरातल्या नव्वद वेळा होत नाही. म्हणून उरलेल्या दहा वेळांचं चिकन आपण मुलांना वाढत नाही." तिने पुडी पुन्हा मुडपली, त्याच घड्यांवर. "काल मला वाटलं, तुला माझं पटलं नाही. ते चाललं असतं, शार्दूल. पुष्कळांना पटत नाही. तुला मूर्ख म्हटलं असतं आणि तरी तुझ्या घरी राहायला आले असते. पण तुला माहीत होतं. तुला माहीत होतं आणि तू स्वतःचे तुकडे गुपचूप गुंडाळून ठेवलेस."

"म्हणजे काय? एका चिकनवरून तू—"

"हो."

"आई, अगं ओवीला किती वाटतंय तू येणार म्हणून."

साधनाने समुद्राकडे पाहिलं. ते एक वाक्य त्याने बोलायला नको होतं.

"मलाही वाटत होतं," ती म्हणाली. "मी केळव्याला जाते. तुमच्याकडे येईन, मेमध्ये, पाहुणी म्हणून. आले की टेबलावर बसून जेवीन."

*

उरलेले दिवस ती फिरली. किल्ले पाहिले, ओवीबरोबर शिंपले वेचले. कुशलने पहिल्या दिवसाचं चिकन हा विषय पुन्हा काढला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तो फ्रिजचं बटण दोनदा तपासू लागला आणि तिसऱ्या सकाळी प्लेट घेऊन मोटरहोमच्या दारात उभा राहिला. "काकू, ती पोह्यांची भानगड आहे म्हणे तुमच्याकडे?" तिने त्याला आत बसवून पोहे वाढले. चटणी मात्र त्याने मागितली नाही आणि तिनेही विचारलं नाही.

परतल्यावर गाडी जमा करून घेणारा माणूस आत शिरला आणि दोन पावलांवर थांबला. नाक मुरडलं. शार्दूल काही बोलायच्या आत साधनाने पर्स उघडून तीनशे दिरहम त्याच्या हातात ठेवले.

"वास माझा आहे," ती म्हणाली. "पावती द्या."

अल बर्शाच्या घरी शुभ्रा कपडे मशीनमध्ये टाकत होती. ओवी टॅब्लेट घेऊन सोफ्यावर पसरली होती. तिला अजून सांगितलं नव्हतं. ते आज संध्याकाळी सांगू, असं शुभ्रा म्हणाली होती आणि म्हणताना तिने तोंड वळवलं होतं. शार्दूल आपल्या खोलीत फोनवर होता.

साधना स्वयंपाकघरात गेली. वडे, लाडू, मेतकूट, पोहे, चारही डबे रिकामे झाले होते. ते धुऊन तिने एकात एक बसवले. चटणी तळाशी थोडी उरली होती. शुभ्राच्या कपाटातून तिने एक लहान काचेची बाटली घेतली, ती उकळत्या पाण्याने धुतली, कोरडी केली आणि चमच्याने उरलेली चटणी तिच्यात भरली.

प्रयोगशाळेत हे रोजचं होतं. तपासणीला आलेल्या प्रत्येक मालातला थोडा भाग वेगळ्या बाटलीत भरून, मोहर लावून, थंड खोलीत ठेवायचा. त्याला राखीव नमुना म्हणत. पुढे कधी कोणी वाद घातला, की माल असा नव्हताच, तर उघडून दाखवायला. सहा महिन्यांत सहसा कोणी येत नसे. मुदत संपली की बाटली फेकून देत. तरी ठेवल्याशिवाय काम पुरं झालं असं मानत नसत.

पर्समधून तिने पॅराफिल्मचा तुकडा काढला, ताणला, झाकणाभोवती तीन वेढे दिले. पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलं: सुक्या बोंबलाची चटणी. खाली आजची तारीख. त्याखाली सहा महिन्यांनंतरची. कोपऱ्यात नावा-आडनावाची दोन अक्षरं, सा. ने., प्रत्येक अहवालावर असायची तशी. पट्टी बाटलीवर सरळ बसवली आणि कडेने अंगठा फिरवला.

शार्दूल केव्हातरी दारात येऊन उभा राहिला होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "अजमानला सोडू का तुला?" त्याने विचारलं.

"नको. मेट्रोने जाते, पुढे बस आहे."

"डबे आहेत हातात."

"रिकामे आहेत."

तिने फ्रिज उघडला. दुधाच्या मागे, सगळ्यात आतल्या बाजूला, बाटली ठेवली. मग पर्समधून तापमापक काढून तिने तो आतल्या फळीवर ठेवला, दार लावलं आणि घड्याळाकडे पाहत पाच मिनिटं तिथेच उभी राहिली. शार्दूलही उभा राहिला.

तिने दार उघडून आकडा वाचला. चार अंश.

"ठीक आहे," साधना म्हणाली. तिने तापमापक पुसून पर्समध्ये ठेवला आणि डब्यांची पिशवी उचलली.